वारा पाठीशी असतो तेव्हा

पाठीमागून वारा असला की शिडाची होडी आपोआप पळते, असे आपल्याला वाटते. ‘वारा पाहून पाठ देणे’ हा वाक्प्रचार मी वर्गात शिकवते तेव्हा मुलेही तोच अर्थ सांगतात: सोपा रस्ता धरणे, कष्ट टाळणे. पण शर्यतीच्या होडीत पाठीमागचा वारा हाच सगळ्यात फसवा असतो, हे मला माझ्या मुलीमुळे कळले.

ती पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि एनसीसीच्या नौदल विभागात शिडाची होडी चालवायला शिकते. होडीचे नाव ‘एंटरप्राइज’. इंग्लंडच्या जॅक होल्ट यांनी 1956 मध्ये हिचा आराखडा केला. लांबी साधारण 4 मीटर, दोन शिडे आणि दोनच माणसे. एकीच्या हातात सुकाणू आणि मोठे शीड, दुसरीच्या हातात पुढचे छोटे शीड. मुलीची जोडीदार पनवेलच्या कोळी घरातली आहे. दोघी पहाटे मानसरोवर स्टेशनवर भेटतात आणि हार्बरच्या लोकलने मुंबईला जातात.

शर्यतीत आधी वाऱ्याच्या विरुद्ध नागमोडी जायचे, वरच्या बोयाला वळसा घालायचा आणि मग वारा पाठीशी घेऊन खाली यायचे. आमच्या मुली वर जाताना पहिल्या तिघांत असायच्या आणि खाली येताना सहाव्या-सातव्या. घरी आली की मुलगी गप्प जेवायची. त्यातच माझ्या नणंदेने विचारले, “भाभी, मुलीच्या जातीला समुद्र कशाला? आणि जिंकतही नाही म्हणता.” मी उत्तर दिले नाही, पण मुलीने ते ऐकले होते.

माझे अब्बा कोकणातले. तरुणपणी गलबतावर खलाशी होते, पुढे मोठ्या जहाजावर गेले. नातीचे गाऱ्हाणे ऐकून ते म्हणाले, “मागच्या वाऱ्यात तांडेल झोपत नाही, बेटी. समोरचा वारा तोंडावर लागतो, तो दिसतो. मागचा वारा मान वळवून बघावा लागतो.”

गोष्ट साधी, पण तिच्यात पाठ्यपुस्तकातले विज्ञान आहे. समजा वारा ताशी 10 किलोमीटर आहे आणि होडी त्याच दिशेने ताशी 6 ने चालली आहे. मग शिडाला वारा लागतो फक्त 4 चा. होडी जितकी पळेल तितका तिचा वारा कमी होतो. म्हणून थेट वाऱ्याच्या रेषेत सुस्त बसून गेले की होडी मंदावते. थोडा तिरका मार्ग धरला तर अंतर वाढते, पण शिडाला वारा जास्त लागतो. किती तिरके जायचे ते वाऱ्याचा जोर पाहून ठरवायचे. झोत आला की त्याच्यासोबत खाली उतरायचे, झोत सरला की होडी जरा वर घेऊन वेग राखायचा.

दुसरी गोष्ट याहून कठीण. वर जाताना पुढची होडी मागच्यांचा वारा अडवते. खाली येताना उलटे होते: मागून येणारी होडी पुढच्या होडीचा वारा खाते. म्हणजे जो पुढे, तोच धोक्यात. आमच्या मुली पुढे असत, निर्धास्त असत आणि मागच्यांच्या शिडांच्या सावलीत अडकत.

मग दोघींनी कामे वाटून घेतली. सुकाणूवालीने पुढे आणि बाजूला पाहायचे. दुसरीने मागे पाहून पाण्यावरचा काळसर पट्टा, म्हणजे येणारा झोत, आधी सांगायचा. वळसा घातला की मोठे शीड जवळजवळ काटकोनात बाहेर सोडायचे. पुढचे शीड मोठ्याच्या आडोशाला मरते, म्हणून हलकी काठी लावून ते दुसऱ्या बाजूला ताणायचे. दोन्ही शिडे पक्ष्याच्या पंखांसारखी उघडली पाहिजेत. सेंटरबोर्ड, म्हणजे होडीच्या मधली पाण्यात उतरणारी फळी, बरीच वर घ्यायची; ती पाण्याला अडते. मात्र पूर्ण नाही, नाहीतर होडी डोलू लागते आणि उलटायची भीती असते. मंद वाऱ्यात वजन पुढे सरकवायचे, म्हणजे मागचा भाग पाणी ओढत नाही; जोरदार वाऱ्यात मागे, म्हणजे नाळ लाटेत घुसत नाही. होडी वाऱ्याच्या बाजूला किंचित कलती ठेवली की ती सरळ चालते आणि सुकाणू कमी फिरवावे लागते. सुकाणू जितके फिरवाल तितका तो ब्रेक असतो.

मला सगळ्यात नवल वाटले ते शीड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवण्याचे. आपल्याला वाटते, वेग कमी झाल्यावर सावकाश फिरवावे. पण होडी जोरात पळत असते तेव्हाच शिडावरचा दाब सगळ्यात कमी असतो. म्हणून लाटेवरून घसरताना, भर वेगातच शीड फिरवायचे.

हिवाळ्यात निवड चाचणी झाली. पहिल्या दोन जोड्या पुढच्या शिबिराला जाणार होत्या. दुपारी खारा वारा सुटला. वरच्या बोयाला आमच्या मुली चौथ्या होत्या. खाली येताना एकही होडी त्यांच्या पुढे गेली नाही, उलट त्यांनीच दोन मागे टाकल्या. खालच्या बोयाला वळसा घालताना मात्र बूम, म्हणजे मोठ्या शिडाचा खालचा दांडा, बोयाला घासला. कोणी पाहिले नव्हते. शर्यतीचा नियम असा की बोयाला स्पर्श झाला तर आपणच होडीला एक पूर्ण गिरकी द्यायची. दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि गिरकी घेतली. एक होडी पुढे निघून गेली. तिसऱ्या आल्या. निवड झाली नाही.

त्या रात्री मुलगी रडली. अब्बांनी समजूत घातली नाही. चहा झाल्यावर एवढेच विचारले, “खाली येताना किती टाकल्यास?” “दोन, नाना.” “मग शिकलीस ना. गिरकीचे तर तू दिलेसच, ते कर्ज नव्हते ठेवायचे.” नणंदेला मी सगळे फोनवर सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “कोणी बघत नसताना?”

मुलीच्या जातीला समुद्र कशाला, या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्याच पाण्यात आहे. 1982 च्या आशियाई खेळांतल्या शिडांच्या शर्यती मुंबईला झाल्या. एंटरप्राइज होडीतले सुवर्णपदक पाकिस्तानच्या बैराम आणि गोशपी आवारी या पारशी नवरा-बायकोने जिंकले. फायरबॉल या दुसऱ्या दोन माणसांच्या होडीत भारताच्या फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्ण मिळवले. 2018 मध्ये जकार्ताला वर्षा गौतम आणि श्वेता शेरवेगार यांनी रौप्यपदक आणले. हैदराबादच्या हुसेनसागर तलावावर सुहेम शेख यांचा यॉट क्लब गरीब वस्तीतल्या मुलामुलींना होडी शिकवतो. आणि आपण कोकणी मुसलमान तर नाखुदा, खलाशी, बंदर हे शब्द घरातच ऐकत वाढलो. ‘मोसमी वारे’ यातला मोसम अरबीतून आला. त्या वाऱ्याला पाठ देऊनच अरबांची गलबते या किनाऱ्यावर येत आणि वारा फिरला की परत जात.

ज्या आईबापांना मुलांना पाठवायचे आहे त्यांनी आधी पोहायला शिकवावे. एनसीसीचा नौदल विभाग कोणत्या कॉलेजात आहे, ते प्रवेशाआधी विचारावे. लाइफ जॅकेटशिवाय मुलाला पाण्यात सोडू नये. कपड्यांची अडचण येत नाही. माझी मुलगी पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालते, स्कार्फ घट्ट बांधते, वर जॅकेट.

पावसाळ्यात सराव बंद असतो. सध्या दोघी आमच्या गॅलरीत काठी आणि जुनी ओढणी घेऊन शीड फिरवण्याचा सराव करतात. अब्बा खुर्चीत बसून आकडे मोजतात. काल सात सेकंद लागले, आज सहा.