काळ्या दगडाच्या गावात टायरचे आकडे

फ्रान्स म्हटले की डोळ्यांपुढे पॅरिस येते. पण पॅरिसच्या दक्षिणेला, रेल्वेने सुमारे साडेतीन तासांवर, क्लेरमाँ-फेराँ नावाचे कामगारांचे शहर आहे. विझलेल्या ज्वालामुखींच्या कुशीत ते वसले आहे. तिथले मोठे चर्च ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचे, आणि या शहराने जगाला दिलेली वस्तूही काळीच, ती म्हणजे टायर. आंद्रे आणि एदुआर मिशलँ या भावांनी १८८९ साली इथे आपली कंपनी काढली.

शहराजवळच प्युई द दोम हा १,४६५ मीटर उंचीचा डोंगर आहे. १६४८ साली इथलेच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांच्या सांगण्यावरून त्यांचे मेहुणे पाऱ्याची नळी घेऊन माथ्यावर चढले. वर जाताच नळीतला पारा उतरला. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, हे जगाला दिसले. टायरमधल्या हवेचा दाब ज्या किलोपास्कलमध्ये मोजतात, ते नाव याच पास्कलचे.

कंपनीच्या जुन्या कारखान्याच्या आवारात २००९ पासून टायरचे संग्रहालय आहे. पण या शहरातली सर्वांत मोलाची गोष्ट एका कामगाराची आहे. मारियस मिनियोल हे मूळचे कंपनीच्या छापखान्यातले. मोठी पदवी गाठीशी नव्हती, पण डोके चौकस होते. जुन्या टायरमधले धागे तिरपे, एकमेकांवरून जाणारे असत. त्यामुळे टायर तापे आणि लवकर झिजे. मिनियोल यांच्या विचारातून धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आले आणि नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा आला. १९४६ साली या रेडियल टायरचे पेटंट घेतले गेले. आज जवळजवळ प्रत्येक मोटारीखाली असाच टायर असतो.

शहराबाहेर डोंगरवळणांवर शाराद नावाचा शर्यतीचा रस्ता आहे. कडेला ज्वालामुखीची धारदार खडी. १९७२ सालच्या शर्यतीत ख्रिस अॅमन सर्वांत पुढे होते. टायर पंक्चर झाला आणि ते तिसरे आले. त्याच दिवशी पुढच्या गाडीने उडवलेल्या दगडाने हेल्मुट मार्को यांचा डावा डोळा कायमचा गेला. वेगाच्या गाडीत टायर म्हणजे शोभेची वस्तू नव्हे, हे इथे कळते.

मग स्पोर्ट्स कारचा टायर निवडायचा कसा? उत्तर टायरच्या बाजूवरच छापलेले असते. माझदा एमएक्स-५ या छोट्या गाडीवर २०५/४५ आर १७ असे लिहिलेले आढळते. २०५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ४५ म्हणजे बाजूची उंची, रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे सुमारे ९२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, आणि १७ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. पुढे भार आणि वेगाची खूण असते. ‘वाय’ म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंत. दिसायला छान म्हणून रुंद टायर चढवला आणि एकूण व्यास बदलला, तर वेगदर्शक काटा चुकतो, टायर आत घासतो. म्हणून कंपनीने ठरवलेला आकार सोडू नये.

टायर फिरवणे, म्हणजे जागा बदलणे, हेही आकड्यांवरच ठरते. माझदाचे चारही टायर सारखे. मागची चाके ओढणाऱ्या अशा गाडीत मागचे टायर सरळ पुढे आणि पुढचे तिरपे मागे नेतात. दर आठ-दहा हजार किलोमीटरला असे केले की झीज सारखी होते. पण टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर त्याच बाजूला पुढचा मागे, मागचा पुढे, इतकेच करायचे.

पोर्शे ९११ ची गोष्ट वेगळी. इंजिन मागे, भार मागे. १९७२ साली आलेल्या कॅरेरा आरएस या गाडीपासून मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद झाले. २०१९ पासूनच्या कॅरेराला पुढे २३५/४० आर १९, तर मागे २९५/३५ आर २० लागतात. व्यासात सुमारे ४४ मिलिमीटरचा फरक! इथे पुढचा टायर मागे जाणारच नाही. बाण नसेल तर फक्त डावा-उजवा बदल करता येतो. नक्षीची खोली १.६ मिलिमीटर उरली की युरोपात तो टायर कायद्याने बाद.

वाचकहो, अशी गाडी आपल्या दारात नसेल. पण आपल्या घरात कुणी टॅक्सी चालवतो, कुणी ट्रक, कुणी रिक्षा. प्रत्येक टायर जमिनीला टेकतो तो जेमतेम तळहातापेक्षा थोडा मोठा, आणि सारे घर त्यावर विसंबून असते. आज संध्याकाळी मुलांना हाताशी घ्या, टायरवरचे आकडे वाचायला लावा, नक्षी किती उरली ते पाहा. छापखान्यातल्या एका कामगाराने नीट पाहिले, म्हणून जगाचा टायर बदलला. नीट पाहायला पैसे पडत नाहीत.