जाता जाता सांगितलेलं

कायदा शिकणाऱ्या मुलांना वाचायला सांगावं लागत नाही. वाचन त्यांच्या डोक्यावर ठेवलेलंच असतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि दंडविधानाची ५११ कलमं जाऊन ३५८ आली, तेव्हा मला वाटलं, चला, पोरांचं ओझं कमी झालं! पण त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागतो, म्हणजे दोन्ही वाचा. वर निकालपत्रं. १९७३ चं केशवानंद भारती खटल्याचं एकटंच सुमारे सातशे पानांचं!

माझी नात इथंच कोल्हापुरात कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दहावीच्या सुट्टीत शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' तिनं जेवणाच्या ताटावरही सोडलं नव्हतं. आता वर्ष झालं, हातात एक कादंबरी नाही. मी म्हटलं, वेळ मिळत नसेल. तर म्हणाली, "वेळ काढीन गं आज्जी, पण गोष्ट वाचतानाही हात पेन्सिलीकडं जातो. यातला मुद्दा काय, हेच शोधत बसते."

मग तिनं समजावलं. निकाल ज्या तत्त्वावर उभा असतो तो 'रेशो'. तो पुढच्या खटल्यांत पाळावा लागतो. न्यायमूर्ती जाता जाता बोलून जातात ते 'ऑबिटर'. ते बंधनकारक नसतं. पहिलं शोधायचं, दुसरं बाजूला ठेवायचं.

खरी गोम इथंच आहे. कादंबरीतली सगळी गंमत जाता जाता सांगितलेल्यातच असते. कर्णाचं शेवटी काय झालं, हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. तरी वाचतोच ना?

दोन्ही वाचनं एका माणसात नांदू शकतात. नरेंद्र चपळगावकर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते आणि २०२३ मध्ये वर्ध्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. उद्या या पोरी तिथं उभ्या राहतील. पण त्यांच्याकडं येणारा पक्षकार काही कलमांत बोलणार नाही. तो बांधापासून सुरू करील, भावकी सांगेल, म्हशीवर घसरेल. ते ऐकून घ्यायचा धीर कुठून आणायचा?

सध्या आमच्याकडं साधा उपाय चालू आहे. रात्री जेवणं झाली की मी दहा पानं मोठ्यानं वाचते, ती भांडी विसळत ऐकते. ओल्या हातात पेन्सिल धरता येत नाही! परवा मी पुस्तक मिटलं तर म्हणाली, "आणि पुढं?"

मुद्दा काय, असं नाही विचारलं.