मांड

आमची नात गेल्या वर्षी घोडेस्वारी शिकू लागली आणि तिला पुण्यातल्या रिंगणावर नेण्या-आणण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. दोन महिने झाले तरी तिच्या घोड्याने एकही उडी मारली नव्हती. चालव, थांबव, पुन्हा चालव. 20 मीटरचे वर्तुळ, मग आठाचा आकडा, मग दुडकी आणि पुन्हा थांब. अडथळे कोपऱ्यात रचून ठेवलेले. सपाटीवरच्या या सरावाला तेथे ‘फ्लॅटवर्क’ म्हणतात. शुल्क स्वारीचे घेतात आणि पोरीला नुसते गोल फिरवतात, असे माझ्या मनात येई.

त्याच दिवसांत घरीही एक सराव चालू होता. सौ.च्या खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली होती. फिजिओथेरपिस्ट ताई तिला स्वयंपाकाच्या ओट्याला धरून शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यायला लावीत, खुर्चीतून सावकाश उठायला आणि त्याहून सावकाश बसायला लावीत. तेवढेच. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर. जिना उतरता आला की झाले, असा माझा हिशेब. एका संध्याकाळी कोणालाही न विचारता मी तिला जिन्यावर नेले. तिसऱ्या पायरीवर तिचा गुडघा लटपटला. कठडा हाती होता म्हणून पडली नाही. पण पुढचे चार दिवस तिने पलंगाखाली पाऊल ठेवले नाही. माझ्याशीही बेताचेच बोलली.

त्या रविवारी रिंगणाच्या कडेला बसलो असताना शिक्षक शेजारी येऊन बसले. घोडदळातून निवृत्त झालेले गृहस्थ. “उडी कधी शिकवणार?” मी विचारले.

“काका, उडी क्षणाची असते. बाकी सगळा वेळ घोडा जमिनीवरच असतो. अडथळ्यापाशी तो वाकडा आला, घाईत आला, तर हवेत त्याला कोण सावरणार?”

मग त्यांनी मला पाहायला शिकवले. उभ्या घोड्याचा सुमारे 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो. त्यात स्वाराचे ओझे. वर्तुळावर वळताना आतला मागचा पाय पोटाखाली खोल येऊन भार उचलू लागतो. दुडकीवरून चालीवर आणि चालीवरून थांब्यावर नीट आणले की वजन मागे सरकते. माणसासारखीच घोड्याचीही एक बाजू आखडलेली असते. म्हणून जितके फेरे डावीकडून, तितके उजवीकडून. आणि स्वारासाठी रिकीब काढून सराव. ‘पक्की मांड’ म्हणजे मांड्यांनी घोडा आवळणे, असे मी आयुष्यभर समजत होतो. ते म्हणाले, आवळले की बूड खोगिरावरून उचलले जाते. कंबर सैल राहून घोड्याच्या पाठीबरोबर हलली पाहिजे.

सपाटीवरच्या या कामाचे परमोच्च रूप म्हणजे ड्रेसाज. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना 1944 मध्ये पोलिओ झाला. गुडघ्यांखालचे पाय कायमचे लुळे राहिले. त्यांना घोड्यावर चढवावे आणि उतरवावे लागे. तरी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाजचे रौप्यपदक मिळवले, तेही पुरुषांच्या बरोबरीने स्पर्धेत उतरून. (हे वाचून कोणी उतारवयात डॉक्टरांना न विचारता घोड्यावर बसू नये. मीही बसलेलो नाही.)

घरी येऊन मी सौ.ची क्षमा मागितली. ती म्हणाली, “आधी ओट्यापाशी उभे राहा. मला धरायला नको, मोजायला.” तेव्हापासून मी मोजतो.

जिना अजून उतरलेलो नाही. परवा नात धुळीने माखून आली.

“उडी मारलीस का गं?” सौ.ने विचारले.

“नाही आजी. जमिनीवर आडव्या दांड्या ठेवल्या होत्या, त्यांवरून नुसतं चालवलं.”

“माझंही तसंच चाललंय,” असे म्हणून सौ. हात न टेकता खुर्चीतून उठली. मी म्हणालो, “सात.”

“आठ,” ती म्हणाली. “तुमचं लक्ष नव्हतं.”