नवस आणि बोनस

नाशिककराला नवसाचं व्याकरण वेगळं शिकवावं लागत नाही. आनंदवल्लीला गंगेच्या काठावर (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) नवशा गणपती आहे. नवसाचा हिशोब साधा. आधी मागायचं, मिळालं तर फेडायचं. नाही मिळालं तर तुमचं काही देणं नाही. चक्क कॅश ऑन डिलिव्हरी! शिवाय यात एक गोष्ट गृहीत असते, की आपण काय मागितलं ते समोरच्याच्या लक्षात आहे.

दुसरा शब्द बोनस. सातपूर-अंबडच्या कारखान्यात काम करणाऱ्या घराला हा शब्द दिवाळीशी जोडूनच कळतो. वर्षभर राबलात, आता हा घ्या हक्काचा. कायद्याने किमान 8.33 टक्के, म्हणजे साधारण एक पगार.

हे दोन्ही शब्द आता मोबाईलवरच्या स्लॉट गेममध्ये एकत्र सापडतात. चिनी पुराणकथेतला वानरराजा वुकाँग, सोन्याची नाणी उधळणारा धनदेव, ड्रॅगन... आणि हो, आपले बाप्पासुद्धा. 'गणेशा गोल्ड' नावाचा गेम आहे खरोखरच. कमळं, दिवे, मागे सतारीसारखं काहीतरी वाजतंय. एखादं देवतेचं चिन्ह 'वाइल्ड', म्हणजे कुठल्याही चिन्हाच्या जागी चालणारं. तीन 'स्कॅटर' पडले की फुकट स्पिन्स, त्यावर मल्टिप्लायर. थोडक्यात, देव प्रसन्न झाला!

माझा एक मावसभाऊ सातपूरला शिफ्टमध्ये काम करतो. मागच्या वर्षी त्याने मला विचारलं, "दादा, तू सॉफ्टवेअरवाला ना? मग सांग, हा बोनस येतो कधी? दोनशे स्पिन झाले, आता यायलाच पाहिजे ना?" दोन महिन्यांत त्याचे 24 हजार गेले होते. घरी माहीत नव्हतं. पैसे गेले याचं त्याला फारसं वाटत नव्हतं, ते बोनसमध्ये 'परत येणार' होते.

आता या "यायलाच पाहिजे"मध्ये सगळी गोम आहे. आत देव नाही, रँडम नंबर जनरेटर आहे. बटण दाबल्या क्षणी निकाल ठरतो, रिळं फिरतात ती नुसती ॲनिमेशन. दोन स्कॅटर पडल्यावर तिसरं रीळ हळू होतं, संगीत चढतं, आपला श्वास अडकतो... आणि तोवर निकाल केव्हाच लागलेला असतो. ही युक्ती नवी नाही. इंगे टेलनेस नावाच्या माणसाने 1984 मध्येच अमेरिकेत पेटंट घेतलं होतं: डोळ्यांना दिसणारं रीळ वेगळं आणि निकाल ठरवणारं, कॉम्प्युटरमधलं रीळ वेगळं.

समजा, बोनसची शक्यता 200 त 1 आहे. तरीही 200 स्पिन्समध्ये एकदाही बोनस न येण्याची शक्यता जवळजवळ 37 टक्के! आणि 201 व्या स्पिनला शक्यता किती? पुन्हा 200 त 1. मी त्याच्यासमोरच वीस ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, दहा लाख स्पिन्स फिरवल्या आणि आकडे दाखवले. मशीनला तुमचे आधीचे 200 आठवतच नाहीत. नवशा गणपतीच्या लक्षात राहतं यावर निदान श्रद्धा तरी ठेवता येते. इथे कोडमध्ये ते व्हेरिएबलच नाही.

दुसरी गंमत बघा. गेम 96 टक्के पैसे परत देतो म्हणतात. ऐकायला बरं वाटतं. पण 10 रुपयांची स्पिन, मिनिटाला 10, म्हणजे तासाला 6000 रुपये फिरले. त्याचे 4 टक्के, सरासरी 240 रुपये दर तासाला गेले. पुन्हा समजा, त्या 96 मधले 36 बोनसच्या वाट्याचे आहेत. म्हणजे बोनस येत नाही तोवर 100 चे 60 च परत येणार. बोनस ही भेट नाहीच, तुमच्याच प्रत्येक स्पिनमधून कापून ठेवलेले पैसे आहेत. तेही तुम्हालाच मिळतील असं नाही.

काही गेम्समध्ये तर बोनस सरळ विकत मिळतो, एका स्पिनच्या 100 पटीच्या आसपास पैसे भरून. नवसाचा क्रमच उलटा. आधी फेडा, मग बघू.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदा केला. चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे मला फार आवडलं. पण परदेशातल्या सर्व्हरवरून येणारी लिंक कायदा वाचून येत नाही. त्यामुळे भावाचा प्रश्न कायद्याने सुटत नाही.

पुराणच हवं असेल तर आपल्याकडे याहून चांगलं आहे. महाभारताच्या वनपर्वातला नळ द्यूतात राज्य घालवतो. पुढे सारथी होऊन ऋतुपर्ण राजाचा रथ हाकताना, राजा बेहड्याच्या झाडाची पानं-फळं नुसत्या नजरेने मोजून दाखवतो. नळ रथ थांबवतो, खाली उतरतो आणि स्वतः मोजून पडताळतो. (टेस्टिंगवाले मित्रहो, हा तुमचा मूळपुरुष!) मग ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय देतो, म्हणजे फाशांचं मर्म. आणि ते कळताक्षणी नळाच्या अंगातला कली बाहेर पडतो.

फरक इतकाच, की नळ त्या विद्येवर राज्य परत जिंकतो. स्लॉटचं मर्म कळून कोणी जिंकत नाही, फक्त थांबता येतं.

भाऊ आकडे बघून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे माझे 24 हजार त्याच्या खिजगणतीतच नाहीत?" नाहीत रे. मग त्याने ते बायकोला सांगितलं, त्याच आठवड्यात. तिच्या मात्र चांगलेच लक्षात आहेत. दिवाळीचा बोनस परस्पर तिच्या खात्यात गेला.

असो.