कवटी, घागर आणि एक तारीख

आप्पा गेल्याचं वर्ष होतं, त्यामुळे मागची दिवाळी करायची नव्हती. घरात बसून मुलं कंटाळतील म्हणून चार दिवस गोव्याला गेलो. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचं चर्च बघत होतो. सगळे वर वेदीकडे बघत होते आणि आमचे धाकटे चिरंजीव खाली. तिथल्या जमिनीत थडग्यांचेच दगड फरशीसारखे बसवलेले आहेत. कुठे घराण्याचं चिन्ह, कुठे पोर्तुगीज अक्षरं. एका दगडावर कवटी आणि तिच्यासोबत फुलीसारखी दोन हाडं.

"मम्मी, इथून खालून लाईटची केबल गेलीय का?"

हसू आवरेना. पण त्याची काय चूक? आपल्याला कवटी आणि हाडं माहीत ती डीपीवरच्या 'धोका' पाटीवरची. खालून केबल नाही, माणूस आहे, हे सांगितल्यावर त्याने पटकन पाय उचलला आणि मग बाहेर पडेपर्यंत फरशांच्या कडेकडेने चालत राहिला.

माझ्या मात्र डोक्यात ती कवटी बसली. कारण घरी दगडाचाच विषय चालू होता. दादाचं म्हणणं, आप्पांची शेतात समाधी बांधू. छोटा ओटा, वर पादुका, नाव आणि सन. आमच्या भागात बऱ्याच शेतांत असे ओटे दिसतात. मी नको म्हणत होते. अस्थी चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमात सोडल्या, संपलं. शिवाय आजोबांच्या दगडाचं काय झालं ते मी पाहिलं होतं. आजोबा १९७१ मध्ये गेले. त्यांची समाधी बांधाजवळ होती. धुळे-जळगाव हायवे चौपदरी करायला जमीन गेली, तिच्यात ती जागाही गेली. आप्पांनी दगड ट्रॅक्टरवर घालून विहिरीजवळ आणून ठेवला. खाली काही नाही, नुसता दगड. मग कशाला हा खटाटोप?

घरी आल्यावर त्या कवटीबद्दल बरंच वाचलं. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपात थडग्यांवर हे सर्रास कोरत. कवटी, हाडं, वाळूचं घड्याळ, कापणीचा मोठा विळा, कधी पंख असलेली कवटी. एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स चर्चच्या आवारात तर भिंती भरून आहेत. आणि हे मेलेल्यासाठी नसतं, शेजारून जाणाऱ्यासाठी असतं. 'मेमेन्तो मोरी', म्हणजे बाबा रे, तुलाही मरायचंय, लक्षात ठेव. आपल्याकडे हे काम रस्त्याने जाणारी तिरडी करते. दुकानदार क्षणभर उभा राहतो, हात जोडतो, पुन्हा तराजू उचलतो. आपण कवटीला लांब ठेवलं असंही नाही. ती शंकराच्या गळ्यात आहे. वेरूळच्या एकवीस नंबरच्या लेण्यात काळाचा हाडांचा सापळा भिंतीवर कोरलाय. फक्त ती देवांकडे दिली, माणसाच्या नावावर ठेवली नाही.

वाचताना एक मजेशीर गोष्ट कळली. अठराव्या शतकाच्या शेवटाकडे ही कवटी मागे पडत गेली. अमेरिकेत न्यू इंग्लंडमध्ये जुन्या दगडांचा अभ्यास झालाय. आधी कवटी, मग पंखवाल्या बाळाचा चेहरा, आणि मग चक्क मडकं! अस्थिकलश आणि त्यावर झुकलेलं झाड. भीती घालणं संपलं, रडणं सुरू झालं. इंग्रज खानदेशात आले १८१८ मध्ये, म्हणजे कवटीची फॅशन ओसरल्यावर. आपल्याकडच्या गोऱ्या लोकांच्या थडग्यांवर कवटी शोधून का सापडणार नाही, ते तेव्हा लक्षात आलं.

तरी खात्री करावी म्हणून जानेवारीत माहेरी गेले तेव्हा भुसावळला उतरून तिथली युरोपियन लोकांची जुनी दफनभूमी बघितली. कवटी दिसली नाहीच. पण तिथे मेजर रॉबर्ट गिल आहे. ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा'मुळे आणि त्यावरच्या सिनेमामुळे गिल आणि पारो ही नावं आपल्याला माहीत आहेत. कंपनी सरकारने १८४४ मध्ये त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. वर्षानुवर्षं तो लेण्यांतल्या अंधारात मोठमोठे कॅनव्हास रंगवत राहिला. ते इंग्लंडला गेले आणि त्यातले बहुतेक १८६६ च्या डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाले. १८७९ मध्ये भुसावळकडे येताना तो वारला.

आयुष्यभराचं काम जळालं. उरला हा दगड. आणि दुसरा एक दगड, अजिंठा गावात, त्याने पारोसाठी बसवलेला. त्यावर तारीख आहे, २३ मे १८५६. पारोबद्दल कथा खूप आहेत, पण खात्रीची म्हणावी अशी गोष्ट म्हणजे ही तारीख. ती कुणीतरी दगडावर लिहून ठेवली म्हणून.

हे दादाला फोनवर सांगितलं. म्हटलं, बांध तू समाधी, माझी हरकत नाही. तो म्हणाला, "मग आखाजीला ये. तेव्हाच बसून ठरवू."

आखाजी म्हणजे आमची अक्षय्यतृतीया. बाहेरच्यांना झोके आणि गाणी माहीत असतात, पण खानदेशात तो पितरांचाही दिवस. घागर भरायची, तिच्यावर डांगर ठेवायचं, गेलेल्यांच्या नावाने घास टाकायचा. यंदा आप्पांच्या नावाची पहिली घागर. ती भरताना मला न्यू इंग्लंडचं मडकं आठवलं, आणि आप्पांना अग्नी देताना दादाच्या खांद्यावर होतं ते. भोक पाडलेलं, पाणी गळणारं. आमची कवटी हीच असावी, असं वाटलं. ती दगडावर नसते, वर्षातून एकदा हाताने भरावी लागते.

घास टाकून झाल्यावर दादाने कागदावर काढलेलं समाधीचं चित्र दाखवलं. आजोबांचा जुना दगड, शेजारी आप्पांचा नवा. आईने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "मन्ही सासूनं नाव कोन टाकी?"

आम्ही दोघं गप्प. आजीचं नाव कुठेच नव्हतं. आईने तर तिला बघितलंही नाही. आप्पा सहा-सात वर्षांचे असताना ती गेली. गावात सगळे तिला 'आप्पाची माय' म्हणूनच ओळखत. सवाष्ण गेली म्हणून तिचं पान अविधवा नवमीला, तिच्यासारख्या सगळ्यांबरोबर. त्यामुळे तिची स्वतःची तिथी कुणी लक्षात ठेवलीच नाही. दादा गावात जुन्या नोंदी बघून आला, काही सापडलं नाही. नाव तरी आहे. सन नाही. आप्पांना विचारता आलं असतं. वीस वर्षं ते समोर बसून चहा पीत होते, आणि माझ्या मनात आलं नाही.

दगडाखाली काही नसतं, हे मीच म्हणत होते. तारीख तर असती.

समाधीचं काम दिवाळीनंतर काढायचं ठरलंय, विहिरीजवळच. तीन नावं. दोन सन माहीत आहेत. तेव्हा सुरत-उधन्याच्या मंडळींना आणि मोठ्या आत्याच्या मुलांना हात जोडून सांगणं: आजी कोणत्या साली गेली, बावनच्या दुष्काळाच्या आधी की नंतर, पाऊस होता की उन्हाळा, तुमच्या आईच्या तोंडून काहीही ऐकलं असेल तर दादाला फोन करा. अर्धवट आठवत असेल तरी चालेल. पाथरवटाला जागा मोकळी सोडायला सांगितलीय.