सत्तरच्या पुढे

रविवार, ७ जानेवारी २०२४

कराडहून येताना आज गाडीने घाबरवलं. नागठाणं मागे पडलं, रस्ता मोकळा मिळाला, काटा सत्तरवर गेला आणि गाडी मागून डुलायला लागली. थरथर नव्हे. संथ, डावी-उजवी, जणू कॅरिअर धरून कुणीतरी मागे धावतंय आणि मध्येच हिसका देतंय. हँडल घट्ट आवळलं तर आणखीच वाढलं. ब्रेक न दाबता हळूहळू वेग सोडला. साठच्या खाली आल्यावर निवली. शेंद्र्याला उतरून बघितलं, पंक्चर नाही. मागे दहा किलोची गुळाची ढेप बांधलेली. शंभर किलोच्या गाडीला दहा किलो, तेही पार शेपटावर!

आबांना सांगितलं. म्हणाले, "तीस वर्षं माझ्या हातात होती, एकदा हलली नाही." १९९१ची आरएक्स १००. आबांनी तिला पन्नाशी कधी ओलांडू दिली नाही, हे मी बोललो नाही.

सोमवार, ८ जानेवारी

फुकटात तपासता येतं ते आधी. पंपावर हवा बघितली: मागे १५ पॉइंट. लाज वाटली. भरून घेतली. मागच्या टायरच्या कडेला चार आकडे दिसले, ०८११. म्हणजे २०११ सालचा आठवा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक, त्यामुळे इतकी वर्षं कुणाला शंकाच आली नाही. पण रबर चपलेच्या जुन्या टाचेसारखं कडक, नख रुतत नाही, आणि मधोमध सपाट पट्टा. पुढचा त्यामानाने बराच नवा आहे.

संध्याकाळी ढेपेशिवाय महामार्गावर गेलो. डुलते, पण आता पंचाहत्तरला.

बुधवार, १० जानेवारी

मागे नवा २.७५-१८ टायर घातला. रस्त्यावर बसणं सुधारलं, रिमचा थोडा आउट होता तोही दुकानात काढून घेतला. डुलणं कमी आहे, गेलेलं नाही.

आणखी एक गोष्ट आज नीट लक्षात आली. वेग उतरताना, पंचेचाळीसच्या आसपास हात सैल सोडले की हँडल भरभर फडफडतं. हे डुलण्याहून वेगळं. ते संथ आणि पाठीखालचं. हे झपझप आणि हातातलं. दोन्हींना लोक 'गाडी हलते' एवढंच म्हणतात, मीही तेच म्हणत होतो.

गुरुवार, ११ जानेवारी

पोवई नाक्याजवळच्या मिस्त्रींकडे. त्यांनी गाडी मेन स्टँडवर घेतली, मागे वजन देऊन पुढचं चाक अधांतरी केलं, शॉकअपचे खालचे पाय धरून पुढे-मागे ओढले. टक्-टक्. मग हँडल एका बोटाने फिरवलं तर बरोबर मध्यावर खाचेत बसल्यासारखं अडलं. "कोनसेट गेला बगा. सरळ रस्त्यानं हापटून हापटून छर्ऱ्यांनी आपली जागा कोरलीया." कोनसेट म्हणजे हँडलची बेअरिंग; उघडल्यावर वाटीत ओळीने बारीक खड्डे दिसले. नवा सेट, नवे छर्रे, ग्रीस. निघताना मीच म्हटलं, जरा जास्त आवळा, परत हलायला नको. ते हसले, पण आवळलं.

रविवार, १४ जानेवारी

भोगीची भाजी आणायला मंडईत गेलो आणि गाडी वैऱ्यासारखी वागली. दहाच्या वेगात सरळ चालेना. डावीकडे झुकली की झुकलेलीच, मग मी उजवीकडे खेचायचं, मग ती जास्त जायची. सायकल शिकणाऱ्या पोरासारखी वळवळत घरी आणली. फडफड गेली होती, तिच्या जागी हे.

दोनचाकी सरळ जाते ती हँडल स्वतःहून बारीक-बारीक सावरत असतं म्हणून. ते आवळून टाकलं की सावरणं बंद. अक्कल माझी, तेव्हा सैलही मीच केलं. मोजमाप सोपं आहे: चाक अधांतरी असताना हँडलला टिचकी मारली की ते आपल्या वजनाने शेवटपर्यंत पडलं पाहिजे, आणि पाय ओढल्यावर टक् वाजता कामा नये. अर्ध्या तासात साधलं.

पंचाहत्तरचं डुलणं मात्र जसंच्या तसं.

रविवार, २१ जानेवारी

आठवडाभर मी हँडलकडेच बघत होतो, कारण हात तिथे असतात. बसलेल्या जागेखाली काय चाललंय ते शरीर सांगत नाही, किंवा मी ऐकत नाही.

मेन स्टँडवर गाडी, पुतण्या मागे. त्याला म्हटलं, मागचं चाक आडवं हलव. हललं. चाकाची बेअरिंग की चाक धरणारा चिमटा? चिमटा आणि फ्रेम जुळतात त्या सांध्यावर बोट ठेवलं. चाक एकटं हललं असतं आणि चिमटा स्थिर राहिला असता तर चाकाची बेअरिंग. इथे चाक आणि चिमटा मिळून हलत होते आणि बोटाखाली खट्-खट् लागत होतं. "काका, मलापण बघू द्या," म्हणून तोही बोट लावून बसला, मग हलवायला मी.

चिमट्याचे बुश. तिथला केसभर खेळ चाकापाशी वाढून येतो, आणि मागचं चाक स्वतःच्या मर्जीने गाडी वळवायला लागतं.

गुरुवार, २५ जानेवारी

चिमट्याचा बोल्ट निघेना. गंजून एकजीव झालेला. काल रात्रभर डिझेल सोडून ठेवलं, आज लाकडाचा ठोकळा लावून मिस्त्रींनी हातोड्याने काढला. जुने बुश हातात घेतले तर भोक गोल नव्हतं, अंड्यासारखं. इतक्या वर्षांत तिथे ग्रीसचं बोट गेलं नसावं. मी घेतल्यापासूनची तीन धरून.

नवे बुश बसल्यावर दोरी लावली. मागच्या टायरमागून दोन्ही बाजूंनी पुढे ताणायची; पुढचा टायर अरुंद, म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना फट सारखी यायला हवी. चेन ताणायच्या खुणा दोन्हीकडे अगदी जुळत होत्या. फट मात्र डावीकडे जास्त. मिस्त्रींनी खुणांवर ग्रीसचा हात फिरवला, म्हणाले, "ह्यांच्याकडं बगू नका," आणि दोरीवर चाक लावलं.

रविवार, २८ जानेवारी

अतीतपर्यंत जाऊन आलो. पंचाहत्तर, क्षणभर ऐंशी. उसाचा ट्रक शेजारून गेला तेव्हा वाऱ्याचा धक्का बसला, गाडी एकदा हलली आणि स्वतःच सावरली. ढेपेच्या वजनाची वाळूची पिशवी मागे बांधूनही बघितलं. ठीक.

दुपारी आबा म्हणाले, आण जरा किल्ली. माहुलीपर्यंत जाऊन आले, तासाभराने. गाडी स्टँडला लावली, हातरुमालाने टाकी पुसली.

"कशी वाटली?"

"काय फरक नाही. होती तशीच आहे."