तारखेचा पुरावा

मेकॉलेच्या नावावर फिरणारे एक इंग्रजी अवतरण समाजमाध्यमांतून अनेक भारतीय भाषांत पोचले आहे. २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये तो बोलला, असे त्यात सांगितलेले असते. सारा देश हिंडून पाहिला, भिकारी दिसला नाही, चोर दिसला नाही. या लोकांना जिंकायचे तर त्यांच्या संस्कृतीचा कणाच मोडला पाहिजे, असा त्या कथित भाषणाचा आशय. तारीख दिलेली असल्याने सहसा कोणी शंका घेत नाही.

वास्तविक त्या तारखेनेच हा बनाव उघडा पडतो. त्या दिवशी मेकॉले कलकत्त्यात होता. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा कायदेविषयक सदस्य म्हणून जून १८३४ मध्ये तो मद्रासला उतरला, त्याला पुरते आठ महिनेही झाले नव्हते. शिवाय या अवतरणाची भाषा १८३५ सालची नव्हे. मेकॉलेचे गद्य ज्याने वाचले आहे त्याच्या कानाला ती खटकल्यावाचून राहत नाही.

त्याच तारखेचे त्याचे शिक्षणविषयक टिपण मात्र अस्सल आहे आणि मुद्रित स्वरूपात उपलब्धही आहे. संस्कृत किंवा अरबी आपल्याला अवगत नाही, हे तो त्यात मान्य करतो आणि तरीही चांगल्या युरोपीय ग्रंथालयातील एका फळीपुढे भारत व अरबस्तान येथील समग्र वाङ्मय तुच्छ ठरवतो. बनावट मेकॉले शत्रू असूनही वाचकाची थोरवी कबूल करतो; म्हणूनच तो प्रिय होतो. खरा मेकॉले अपमान करतो. त्याला उत्तर द्यायचे तर त्याचा युक्तिवाद समजून घ्यावा लागतो, आणि तो कष्ट या खोट्या स्तुतीने परस्पर वाचवला आहे.

परक्याच्या नावावर रचना करणे मराठीला नवे नाही. संतांच्या नाममुद्रा लावून मागाहून कितीतरी अभंग रचले गेले. त्या अनामिकांनी निदान स्वतःचे नाव तरी विसर्जित केले होते. त्यांतल्या कित्येकांची भक्ती खरी असेल. परंतु त्याच परंपरेत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले, ते पुरे झाले १९६६ मध्ये. मेकॉलेचे टिपण त्या मानाने अगदीच लहान आहे. ते एका बैठकीत वाचून होते.